रताळ्यांचे वजन

माझा धंदा मापाचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग करून देणारे माझे छोटेसे वर्कशॉप आहे आणि तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही एखादा तयार भाग भंगारात टाकायला पुरेशी असते. वीस वर्षे लेथसमोर उभे राहिलेल्या माणसाला हळूहळू असे वाटू लागते की जगातली प्रत्येक अडचण मुळात मापाची अडचण आहे आणि नीट मोजले, नीट कापले, नीट बसवले की ती सुटते. पिकअप घेताना आणि तिच्यात फेरफार करताना माझ्या डोक्यात हाच समज पक्का होता. तो कसा आणि कुठे ढिला झाला, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

गाडी म्हणजे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. हे मॉडेल २०१६ साली भारतात आले आणि ते आंध्र प्रदेशातील श्रीसिटीत तयार होते. लांबी ५,२९५ मिलिमीटर, रुंदी १,८६० आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३,०९५. गणपत गल्लीत ही गाडी वळवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. गंमत अशी की अमेरिकेत हिला कोणी मोठी पिकअप म्हणणार नाही. तिथली चार दारांची फोर्ड एफ-१५० हिच्याहून जवळजवळ दोन फूट लांब आणि आरसे सोडूनही दोन मीटरपेक्षा रुंद असते. आमच्याकडे मात्र ‘पिकअप’ म्हटले की भाजी, कडबा, सिमेंट नाहीतर लग्नाचे वऱ्हाड वाहून नेणारी भाड्याची गाडी डोळ्यांसमोर येते, आणि माझी काळी, उंच, चकचकीत गाडी पाहून पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला भाड्याचा दर विचारला. त्याचा मला थोडा राग आला होता, हे कबूल करायला हवे.

फेरफारांची सुरुवात टायरपासून झाली. मूळचे टायर २४५/७० आर १६ मापाचे होते, म्हणजे चाकाचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. मी २६५/७५ आर १६ चे खडबडीत टायर घातले आणि व्यास ८०४ झाला. व्यासात ५५ मिलिमीटर वाढले, म्हणजे जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, जेमतेम २७ मिलिमीटरने वाढली. आणि हिशेबाने पाहिले तर काटा साठवर असताना गाडी चौसष्टने धावू लागली. एवढ्यावर समाधान न झाल्याने मी सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंग आणि कमानपाट्यांना, हात घातला. पुढच्या स्प्रिंगच्या वर जाड कड्या बसवून नाक दोन इंच उचलले आणि मागच्या कमानपाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवून शेपूट तितकीच वर घेतली. पोटाखाली पाच मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा बसवला. तो माझ्याच वर्कशॉपमध्ये कापला आणि त्याची भोके अशी जुळवली की बोल्ट बोटांनी फिरवून बसावेत.

पुढे एक दणकट पोलादी बंपरही करून ठेवला होता. तो अजून कोपऱ्यात उभा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा लोखंडी गार्डांवर बंदी घालण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. त्यापुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सांगितले की उत्पादकाच्या मूळ नोंदीला छेद देणारा बदल करता येणार नाही. गाडी हौसेने नटवणाऱ्या मंडळींमध्ये या निकालाविषयी बरीच कुरकुर असते, पण बंपरच्या बाबतीत माझे मत सरकारच्या बाजूने आहे. धडकेत चुरगळून जाणे हे मूळच्या पुढच्या भागाचे कामच असते. त्याच्यापुढे न चुरगळणारे लोखंड उभे केले की तो धक्का आतल्या माणसाच्या वाट्याला येतो आणि समोर पायी माणूस असला तर त्याची काही धडगत राहत नाही. टायर आणि उंचीबाबत माझे मन इतके स्वच्छ नव्हते, तरीही मी ते केले.

आता गाडी मातीत घालायची, तर कुठे? बेळगावच्या पूर्वेला काळी जमीन आहे. पावसात ती टायरला अशी लिंपते की चाकाचे जाते होते, आणि ती सगळी पेरलेली असते. पश्चिमेला खानापूर तालुक्यात तांबडी माती, जांभ्या दगडाचे माळ आणि त्यापलीकडे जंगल. जंगलात जाण्याचा प्रश्नच नव्हता. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले आहे, आणि जिथे म्हादईचा उगम होतो, जिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे वटवाघूळ हा दुर्मीळ जीव टिकून आहे, तिथे माझ्या हौसेच्या टायरांना काम नाही. सुदैवाने जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, माझ्या मामांची शेती आहे. त्यांच्या घरापासून एक वाट जुन्या चिऱ्याच्या खाणीच्या कडेने खाली ओढ्यात उतरते आणि पलीकडे माळावरच्या रताळ्यांच्या शेतापर्यंत जाते. सगळी जमीन घरची, वाट घरची. मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “ये की. दिवाळीनंतर ये, रताळी काढायला लागतोय.” त्या दोन वाक्यांमधला संबंध मला त्या वेळी लक्षात आला नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. बरोबर माझ्या वर्कशॉपमधला फिटर होता. त्याची घरची भाषा कन्नड आणि माझी मराठी, पण कामाच्या ठिकाणी आम्ही दोघेही ज्या भाषेत बोलतो तिला काय म्हणावे हे दोन्हीकडच्या भाषाभिमान्यांना ठरवता येणार नाही. पिरनवाडी, किणये मागे टाकून चोर्ल्याच्या रस्त्याने कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी इथे अगदी लहान आणि शांत असते. पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत ती केवढी होणार आहे, याची इथे काही खूण दिसत नाही. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता. झाडे धुऊन निघाली होती, आणि रस्त्याकडेच्या चरांमध्ये कुंकू कालवल्यासारखे पाणी साचले होते.

मामांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या हौद्यात डोकावून पाहिले आणि त्यातले काळे अस्तर बोटाने दाबून पाहत विचारले, “मागं काहीच नाही व्हय?” मी अभिमानाने सांगितले की गाडी जितकी हलकी तितकी ती सहज चढेल, म्हणून मुद्दाम रिकामी आणली आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. “सहा पोती काढून ठेवल्यात, आणि चार-सहा व्हतील आज,” एवढेच म्हणाले आणि चप्पल घालून पुढे चालू लागले.

खाली उतरणे इतके सोपे गेले की मी फसलो. चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोरचा खटका ‘लो’वर नेला आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. ब्रेकवर पाय न ठेवता केवळ इंजिनाच्या रोधावर ती मुंगीच्या गतीने उतरू लागली. उतारावर ब्रेक दाबला की चाके थांबतात, पण गाडी थांबतेच असे नाही. चाके फिरत असतील तोवर ती कुठे जायचे ते ऐकतात, अडकली की गाडी पाटासारखी नुसती घसरते. हे मी वाचलेले होते आणि इथे ते पायाला कळले. माझा फिटर शेजारी बसून दर दोन मिनिटांनी म्हणत होता, “निधान, सर, निधान.” कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश. मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा. सीमेवर वाढलेल्या माणसाच्या कानात असे शब्द दोन्ही अर्थ घेऊन शिरतात आणि मग मनात उगीच भलत्या जागी ज्ञानेश्वरीचा सूर लागतो. इथे पहिल्या अर्थाची गरज जास्त होती.

ओढ्यापाशी मी उतरलो, पँट वर करून पाण्यातून चालत गेलो. पाणी गुडघ्याच्या खाली, तळाशी वाटोळे गोटे, पलीकडचा काठ टणक. गाडी पार झाली. माळावर रताळ्यांचे वेल आधीच कापून एका बाजूला टाकले होते, सऱ्यांमधून तांबूस रताळी उकरून काढण्याचे काम चालू होते आणि बांधाजवळ पोती शिवून उभी केलेली होती. बेळगाव-खानापूरच्या या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत रताळे फार चांगले येते आणि इथून ते दूरवरच्या बाजारांत जाते. एकादशी आणि महाशिवरात्र जवळ आली की त्याला मागणी असते. रात्री गवे येऊन वेल तुडवतात म्हणून मामा आठ दिवस शेतातल्या माचाणावर झोपत होते. मी त्यांना गाडीवर लावलेले चार दिवे दाखवले, तर ते म्हणाले, गव्याला बॅटरीचेही भय राहिलेले नाही. चहा झाला. पोती घेऊन जातो असे म्हणावे, हे माझ्या मनात आलेही होते, पण त्या नव्या अस्तरावर ओल्या मातीची पोती मला नको होती. मी रिकामाच परत निघालो.

आणि ओढ्याच्या अलीकडच्या चढावर अडकलो.

चढ फार मोठा नव्हता, पण पावसाने वाटेच्या मधोमध तिरका चर पाडला होता आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या केल्या होत्या. त्या चाकोऱ्यांमधले अंतर माझ्या चाकांपेक्षा कमी होते. मी नंतर टेप लावून पाहिले, जवळजवळ वीतभर कमी. त्यामुळे एका बाजूची चाके चाकोरीत आणि दुसऱ्या बाजूची मधल्या वरंब्यावर किंवा काठावर, अशी गाडी तिरकी होऊन चढत होती. तिरक्या चरावर आल्याबरोबर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक मोकळे सुटले. मी पाय दाबला. ती दोन चाके गरगर फिरू लागली, बाकीची दोन चाके आपल्या जागी स्वस्थ उभी राहिली, आणि चिखलाचे शिंतोडे थेट मामांच्या धोतरापर्यंत गेले.

चार चाकांना जोर असूनही गाडी दोनच चाकांमुळे जागची हलत नाही, याचे कारण डिफरन्शियलमध्ये, म्हणजे आसाच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दात्यांच्या गोळ्यात, असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. पण पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, मात्र दोघांनाही सारखाच पोचवते. हवेत लोंबणारे चाक फिरवायला जवळजवळ काहीच पीळ लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे न लागण्याइतकाच, मिळतो. पुढे एक आणि मागे एक चाक सुटले की चारही चाकांचा जोर वाऱ्यावर जातो. दोन चाके एकत्र बांधणारा लॉक असता तर प्रश्न वेगळा होता. माझ्या गाडीत तो नाही. दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारी विंच नव्हती. टोचन करायला जवळपास ट्रॅक्टर नव्हता, आणि तो आणायला कोणाला पाठवणे म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला बातमी.

मग मी जे करू नये ते केले. मागे घेतली, आणि वेग घेऊन चढवण्याचा प्रयत्न केला. गाडी चरावर आदळली, पोटाखालचा पत्रा एका जांभ्याच्या उंचवट्यावर असा वाजला की ओढ्यातल्या पाण्यावरून आवाज परत आला, आणि मागची बाजू हातभर सरकून वाटेच्या कडेला गेली. कडेच्या पलीकडे खाण होती. तिथे आता पाणी साठलेले असते आणि तिची खोली मी कधी मोजलेली नाही. मी इंजिन बंद केले. हात थरथरत होते म्हणून ते मांडीखाली घेतले.

मामा तेवढ्या वेळात वाकून गाडीखाली पाहत होते. ते म्हणाले, “गाडी चांगली हाय, खरं लई ताठ हाय. लवत न्हाई.”

मी खाली उतरून, गुडघे चिखलात टेकून, ते जे पाहत होते ते पाहिले. मागचे उजवे चाक जमिनीपासून चार बोटे वर लोंबत होते, आणि पलीकडच्या, भार घेतलेल्या चाकावरचा कमानपाटा जवळजवळ सरळही झालेला नव्हता. शेपूट दोन इंच उंच करण्यासाठी मी जो पाटा वाढवला होता, त्याने मागची कमान इतकी कडक केली होती की रिकाम्या हौद्याच्या वजनाने ती वाकतच नव्हती. पुढेही तेच: स्प्रिंगवर कड्या ठेवून नाक उचलले, तेव्हा चाकाला खाली उतरायला जी जागा होती तिच्यातलीच मी वापरून टाकली होती. वर्कशॉपच्या सपाट फरशीवर गाडी उंच दिसत होती, कारण फरशीवर चारही चाके एका पातळीत असतात. चरावर तिला उंची नको होती. एक चाक वर आणि दुसरे खाली, असे अंग वेडेवाकडे करता येणे हवे होते. शिवाय मागच्या आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, जो सगळ्यात आधी जमिनीला टेकतो, तो माझ्या दोन इंचांच्या उचलीने कणभरही वर गेलेला नव्हता. तो टायर बदलल्याने मिळालेल्या त्या २७ मिलिमीटरांवरच उभा होता. हे सगळे मला आधी कळायला हवे होते. मी स्प्रिंगचे माप घेतले होते, पण स्प्रिंगचे काम विसरलो होतो.

पुढचा तास आम्ही तिघांनी जे केले त्यात दिमाख असा काहीच नव्हता. फिटरने चारही टायरांतली हवा पस्तीस पौंडांवरून वीस पौंडांवर आणली. टायर थोडे बसले, त्यांचा जमिनीला टेकणारा भाग लांबट झाला आणि गोट्यांवर ते पूर्वीसारखे उसळेनासे झाले. मामांनी आणि मी खाणीच्या कडेचे चिऱ्याचे तुकडे आणून चर भरला, आणि चाकोरीत चाक कुठून जाईल ते पायांनी चालून, टाच दाबून ठरवले. मग मामा म्हणाले, “आता पोती घालूया.” ते इतक्या सहज म्हणाले की मला त्या फोनपासूनचा सगळा डाव एकदम उमगला. गाडी मागे ओढ्यापलीकडे घेतली आणि दहा पोती हौद्यात चढवली. मामांच्या अंदाजाने प्रत्येक पन्नास किलोचे. ती त्यांनी अगदी केबिनला चिकटवून रचून घेतली. मागच्या टोकाला ठेवली तर चढावर नाक हलके होते, हे त्यांना बैलगाडीवरून ठाऊक होते. धुरा जड झाली की बैलाच्या मानेवर येते आणि हलकी झाली की गाडी उलाळते.

पाच क्विंटलांच्या आसपास वजन घेऊन गाडी चढली. निधान, निधान करत, पहिल्या गिअरमध्ये, पाय जेमतेम टेकवून. चरावर आल्यावर मी आरशातून पाहिले: मागचा पाटा दबून आडवा झाला आणि उजवे चाक खाली आले, दगडांवर टेकले, घट्ट बसले. गरगर नाही, शिंतोडे नाहीत. टायरखाली एक दगड कुरकुरला आणि आम्ही वर होतो. फिटरने टाळी वाजवली. मामा मागून चालत आले आणि काही झालेच नाही अशा थाटात म्हणाले, “मार्केट यार्डात टाक. पावती घेऊन ठेव.”

माझ्यासारख्या माणसाला एक गोष्ट मात्र सलत राहिली, आणि अजून सलते. आम्ही एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या: हवा, दगड आणि वजन. यातल्या कशाने गाडी किती चढली, ते आता कधीच सांगता येणार नाही. वजन वाढले की पकड वाढते हे खरे, पण ते वजन वर ओढावेही लागते, त्यामुळे नुसत्या जडपणाने चारचाकी ओढीच्या गाडीला काही फायदा होऊ नये. फायदा झाला तो ते वजन कुठे पडले आणि त्याने कमान वाकवली यामुळे, असे माझे मत आहे. फिटरचे मत हवेच्या बाजूने आहे. मामांना विचारले तर ते म्हणाले, चर मी भरला. परतीच्या वाटेवर तिघांचा हा वाद जांबोटीपर्यंत पुरला असता, पण मामा गाडीत नव्हते.

जांबोटीत पंक्चरच्या दुकानात टायरांत हवा भरली, मागे मालाच्या मानाने चार पौंड जास्त. खटका दोन चाकांवर आणला तो डांबरी लागल्याबरोबरच, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांना जुळवून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नाही; कोरड्या डांबरावर चार चाकांनी वळवली की चाकांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण दात्यांवर जातो. गाडी वळणांवर आता डुलत नव्हती, मागून उड्या मारत नव्हती. माल असलेल्या पिकअपची चाल किती शहाण्यासारखी असते, हे घेतल्यापासून मला पहिल्यांदा कळत होते.

मार्केट यार्डात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अडत्याच्या दुकानापुढे हमालाने पोती उतरवता उतरवता तांबड्या मातीने माखलेल्या गाडीकडे नीट पाहिले आणि विचारले, “भाडं किती घेतलंसा?” या वेळी राग आला नाही, ठरलेले नाही, एवढेच मी सांगितले. पोती एकेक करून काट्यावर चढली. पन्नास किलोचे एकच निघाले. बाकीची पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस अशी. मी खिशातल्या वहीत, जिथे टायरची दोन मापे, कड्यांची जाडी आणि वाढीव पाट्याची लांबी लिहिली होती, त्याखाली बेरीज मांडली: ४७२ किलो. रात्री घरी येऊन अस्तरावरची माती धुण्याआधी मी मागच्या चाकाजवळ बसून बॅटरीच्या उजेडात वाढीव पाट्याचे बोल्ट पाहिले, आणि सकाळी फिटर आल्यावर पहिल्यांदा ते सोडवायचे असे त्याच पानावर लिहून ठेवले.